शनिवारचं तेल

यंदाही नोटीस लागली. मे महिना अर्धा सरला की आमच्या सुकापूरच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर ती लागतेच. 'पावसाळ्यापूर्वी पार्किंगची साफसफाई व गटारांची कामे करावयाची असल्याने सभासदांनी नादुरुस्त वाहने महिनाअखेरपर्यंत हलवावीत, अन्यथा ती भंगारात देण्यात येतील.' खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा जांभळा शिक्का. शिक्का दर वर्षी उलटा बसतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मी फळ्यापुढे उभी राहून ती शेवटपर्यंत वाचते. विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं वाहनांचे दावे हाताळले, त्यामुळे कुठलाही कागद पुरा वाचल्याशिवाय पाय निघत नाही. आणि दर वेळी त्या एका शब्दापाशी अडते. नादुरुस्त. हा शब्द कुठून कसा आला ते जाणकार सांगतील, मला त्यात सगळ्यात आधी 'नाद' ऐकू येतो. नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे खूळही. सतरा नंबरच्या जागेवर उभ्या असलेल्या माझ्या मोटारसायकलीत दोन्ही भरपूर आहे.

ती या जागेवर आली तो दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. पनवेलचा मे म्हणजे दुपारी डांबराला चपला चिकटण्याचे दिवस. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या असतात, शेजारच्या विचुंबे गावाकडून वारा सुटला की तिकडे सुकवायला घातलेल्या जवळ्याचा, त्या बारीक मासळीचा, वास येऊन नेमका त्या कुरडयांवर बसतो, आणि आमच्या मजल्यावरच्या शाकाहारी जोशीकाकू गच्चीत उभ्या राहून वाऱ्याला रागे भरतात. गावागावात लग्नसराई. रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मांडवात हळद असते आणि स्पीकर एवढे दणकट की आमच्या खिडक्यांच्या काचा ताल धरतात. लोक वैतागतात. मला त्या उन्हाळ्यापासून हे सगळं आवडायला लागलं. पेट्रोलच्या वासात मिसळलेला जवळ्याचा वास आला की अजूनही माझे हात आपोआप चिंधी शोधतात.

त्या वर्षी मार्चअखेर ऑफिसने मला निरोप दिला. वय झालं म्हणून नव्हे, निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. आमचं टेबलच बंद झालं. आता गाडीचे फोटो मोबाइलवरून पाठवायचे आणि कुठलंसं सॉफ्टवेअर चहा निवायच्या आत निकाल देतं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या एक्स्पिरियन्सला तोड नाही, पण…" त्या 'पण'नंतर शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. ज्याच्यापाशी आता वेळच वेळ आहे त्याला घड्याळ द्यायची रीत कुणी काढली कोण जाणे. मला दुःख झालं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला दुःख झालं नव्हतं. मला राग आला होता.

आमच्या कामात एक शब्द होता, टोटल लॉस. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जायला लागला की फाइलवर हे दोन शब्द लिहायचे, खाली सही करायची. सही झाली की ती गाडी गाडी राहत नाही, लोखंड होते. मी हे शब्द किती वेळा लिहिले याचा हिशोब नाही. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी पेणकडून आलेला एक माणूस मला आठवतो. पुरात त्याची मोटारसायकल दोन दिवस बुडून होती. टेम्पोत घालून त्याने ती ऑफिसच्या अंगणात आणली होती. टोपी हातात धरून तो म्हणाला, "बाई, ती चालू होते अजून. एकदा किक मारून तर बघा." मी खिडकीतून पाहिलं. दोन सायलेन्सर, टाकीच्या कडेला क्रोमची पट्टी, चाकांत अडकलेलं गवत. खाली जायचं तर तीन जिने उतरायचे होते. मी उतरले नाही. दोन शब्द लिहिले आणि सही केली. नियमाप्रमाणे माझं काहीच चुकलं नव्हतं, आणि हेच मला इतकी वर्षं टोचत राहिलं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी ते घड्याळ कुणाच्या तरी गळ्यात मारावं म्हणून मी जुन्या पनवेलात गेले होते. तळ्याच्या मागच्या गल्लीत एका बैठ्या घराच्या ओसरीवर मेणकापडाखालून दोन सायलेन्सर बाहेर आलेले दिसले. मी थांबले. फाटक उघडून आत गेले, विचारलंसुद्धा नाही, मेणकापड उचललं. तीच. म्हणजे त्याच जातीची. टाकीच्या क्रोमला गंजाचे तपकिरी ठिपके, सीट उंदरांनी कुरतडलेली, पुढच्या चाकात हवा नाही. एका आरशाच्या काचेऐवजी नुसती वाटी उरलेली.

"आवडली का?" मागून आवाज आला. पांढरा लेंगा, पांढरी बंडी, डोक्यावर छोटी गोल टोपी घातलेले एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ दारात उभे होते. हे बेंजामिनकाका. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, सरबत दिलं, गाडी लॉकडाऊनपासून उभी आहे असं सांगितलं. मी म्हटलं, मला ही विकत घ्यायची आहे, आत्ता. ते म्हणाले, "आज नाही. आज शनिवार."

माझं डोकं फिरलं. शनिवारी लोखंड घेऊ नये, शनिवारी तेल आणू नये, हे सगळं माझ्या सासूबाईंच्या तोंडून आयुष्यभर ऐकलेलं. "काका, या वयात तुम्हीसुद्धा असलं मानता?"

"मी शनिवार मानतो," काका शांतपणे म्हणाले, "शनी नाही."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. काका बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोकणात राहिलेले, घरात आपल्यासारखंच मराठी बोलणारे ज्यू. पनवेलमध्ये पूर्वी त्यांची बरीच घरं होती. मुलंबाळं इस्रायलला गेली, आता थोडी वडीलधारी माणसं उरली आहेत. शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या वेळात काम नाही, व्यवहार नाही, विस्तव पेटवणं नाही. काकांनी नोकरीत असताना कुठल्याशा कारखान्यात नकाशे काढले, आणि तिथेही शनिवारची सुट्टी भांडून मिळवली होती. या माणसाशी आपलं जमेल असं मला वाटलं.

रविवारी पुन्हा गेले. काकांनी एकच प्रश्न विचारला. "भंगारवाले कितीदा येऊन गेले, मी दिली नाही. तुला कशाला हवी?"

"राग आलाय म्हणून," मी म्हटलं.

काका हसले नाहीत. आत गेले आणि कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. गाडी उभी राहण्याच्या थोडं आधी त्यांनी नोंदणी नव्याने करून घेतली होती, तिची मुदत अजून काही महिने शिल्लक होती. माझ्या नोकरीत गाड्या जिवंत असायच्या आणि कागद मेलेले. इथे उलटं होतं. पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं एक झाकणही होतं. काका म्हणाले, "हे हरवू नकोस. ही टू-स्ट्रोक गाडी आहे. इंजिनात वेगळं तेल नसतं, पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. लिटरला चार झाकणं. विसरलीस तर ती विसरणार नाही." आणि मग, जरा अभिमानाने, "कोकणात आम्हाला काय म्हणायचे ठाऊक आहे? शनिवार तेली. आमची माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद. तेलाचं मला शिकवायचं नाही कुणी."

टेम्पोतून गाडी आमच्या पार्किंगमध्ये उतरली तेव्हा वरच्या चार मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. सेक्रेटरी सावंत खाली आले. "वहिनी, हे काय आणलंत?" मी म्हटलं, "मोटारसायकल." ते म्हणाले, "हो का?" त्या 'हो का'त जेवढा अपमान मावेल तेवढा त्यांनी कोंबला होता.

आणि मग सल्ले सुरू झाले. या वयात? गुडघ्याचं काय? माझा उजवा गुडघा झिजलेला आहे हे सोसायटीत सगळ्यांना माहीत, कारण लिफ्ट बंद पडली की मीच सगळ्यात मोठ्याने भांडते. डॉक्टरांनीसुद्धा बजावलं, किक वगैरे विसरा. मी त्यांना म्हटलं, "या गाडीची किक डावीकडे आहे, डॉक्टर." खरंच आहे. आणि तोच दांडा खाली पाडला की गिअरचा होतो. एकच दांडा, दोन कामं. माझा डावा गुडघा ठणठणीत आहे. ज्याने कुणी हे यंत्र बनवलं त्याने माझ्यासारख्या बाईचा आधीच विचार करून ठेवला होता, असं मी तेव्हापासून धरून चालते.

विचुंब्याचा हिरामण हा मला मिळालेला मेकॅनिक. त्याचं गॅरेज पत्र्याचं आणि एवढंसं, त्यामुळे तोच सकाळी आमच्याकडे यायचा. पहिल्या दिवशी त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीला कान लावला, टिचकी वाजवली. "मेली नाय ही, ताई. झोपली हाय." मग मला वरखाली बघत म्हणाला, "तुमी खरंच चालवनार?" मी वीस वर्षं गिअरची स्कूटर चालवली आहे असं सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. "मंग आमी इंजिन उघडतो. बाकीचा तुमी घासा."

मी घासलं. पितळेची भांडी घासायला चिंच लागते तशी टाकीलाही लागते हे मला त्याच उन्हाळ्यात कळलं. चिंचेचं पाणी टाकीत ओतायचं, मूठभर नटबोल्ट टाकायचे, झाकण लावायचं आणि मांडीवर घेऊन हलवत बसायचं. तो आवाज तीन मजले वर ऐकू जायचा. मला बरं वाटायचं. पाणी पहिल्या दिवशी काळं निघालं, मग तपकिरी, मग चहासारखं, आणि आठव्या दिवशी जवळजवळ स्वच्छ. सायलेन्सर घासताना एका दुपारी क्रोममध्ये मला माझाच चेहरा दिसला, वाकडा, घामेजलेला, कपाळावर ग्रीसचा पट्टा. असा चेहरा मी ऑफिसच्या आरशात अठ्ठावीस वर्षांत पाहिला नव्हता. मला तो फार आवडला.

माझा नवरा विलास या सगळ्यात नसल्यासारखा होता आणि तरी होता. कॉलेजपासूनची ओळख, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी जमलंच नाही. तो भांडत नाही, नाही म्हणत नाही, फक्त त्याला पटलं नाही की तो अर्धंच काम करतो. मी पाना मागितला तर आणून द्यायचा, पण चुकीच्या नंबरचा. आईच्या माघारी आईचे सगळे नियम त्याने तसेच पाळले. शनिवारी तेल आणायचं नाही, हा त्यातलाच एक. मी चिडवायचे. तो हसून सोडून द्यायचा.

मे महिन्याच्या मध्यावर नोटीस लागली. आम्ही या सोसायटीत राहायला आलो तेव्हापासून ती लागत होती, पण त्या वर्षी पहिल्यांदा ती माझ्यासाठी होती. सावंत यादी घेऊनच फिरत होते. महिन्याचा शेवट रविवारी येत होता, सकाळी अकराला कमिटी पार्किंगमध्ये फेरी मारणार, सोबत भंगारवाल्याचा टेम्पो. "रूल इज रूल ना, वहिनी. चालू करून दाखवा, आमचं काही म्हणणं नाही." इंजिन तेव्हा विचुंब्यात एका वर्तमानपत्रावर सुटं पडलं होतं.

मी काय सांगू, ते पंधरा दिवस मी जगले. आता ते आठवताना लक्षात येतं की माझ्या हातात काहीच नव्हतं आणि मी एकदाही घाबरले नाही. लोक मला समजावत होते, बाई, एक जुनी गाडी, त्यात काय एवढं. पण मला ठाऊक होतं त्यात काय आहे ते. ती टेम्पोत चढली असती तर टोटल लॉसचा तो निकाल बरोबर ठरला असता. तिच्यावरचा, पेणच्या माणसाच्या गाडीवरचा, माझ्यावरचा. मला एकदा, फक्त एकदा, ते गणित चुकलेलं बघायचं होतं.

गुरुवारी हिरामणने इंजिन आणून बसवलं. शुक्रवारी सकाळी बाटलीत कालवून आणलेलं पेट्रोल टाकीत ओतलं, तिसऱ्या किकला गाडी खोकली आणि सातव्या किकला बोलायला लागली. निळा धूर, आणि तो आवाज! दोन सायलेन्सरमधून एकाच वेळी येणारा, तबल्यावर कुणी नुसत्या बोटांनी खेळावं तसा. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मी पाच फेऱ्या मारल्या. हिरामण बाजूने धावत ओरडत होता, "ताई, किलच! किलच!" पेट्रोल संपेपर्यंत मी थांबले नाही.

शनिवारी हिरामणच्या पुतणीची हळद. तो येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी कमिटी. गाडी आदल्या दिवशी थोडी चालवून ठेवावी म्हणून मी विलासला सकाळी सांगितलं, कॅनमध्ये दोन लिटर पेट्रोल आण आणि ऑइलची बाटली आण. पंपावर हल्ली मिसळून देत नाहीत. तासाभराने मी खाली आले तर कॅन पार्किंगमध्ये होता आणि विलास वर झोपला होता. कॅनशेजारी बाटली नव्हती, म्हणजे त्याने मिसळूनच ठेवलं असणार. मी कॅन टाकीत रिकामा केला. तेल मिसळलेल्या पेट्रोलला रंग येतो. आयुष्यभर मी खोट्या बिलांमधली शाई ओळखली आणि समोरच्या पेट्रोलचा रंग पाहिला नाही.

पळस्पे फाट्यापर्यंत गाडी सुसाट गेली. ताडगोळेवाल्या बाईने मला पाहिलं, गाडीला पाहिलं आणि न मागता दोन ताडगोळे जास्त घातले. परत येताना सुकापूरच्या वळणाच्या अलीकडे आवाज बारीक झाला, मग दात खाल्ल्यासारखा झाला, आणि मागचं चाक एकदम धरलं. हाताने क्लच दाबला गेला म्हणून पडले नाही. कडेला उभी केली, किक दाबून पाहिली. दांडा जागचा हलेना. इंजिन जाम. ताडगोळ्यांची पिशवी हँडलला लटकून आपली डुलत होती.

फोन केल्यावर विलास धावत आला. दोघांनी ढकलत गाडी आणली, घामाच्या धारा लागल्या होत्या. फाटकाशी मी विचारलं, "किती झाकणं घातली होतीस?"

"घातली नव्हती," तो म्हणाला. आणि वॉचमनच्या केबिनकडे बोट दाखवलं. तिथे खिडकीच्या कट्ट्यावर, सोसायटीच्या हद्दीच्या बरोबर बाहेर, ऑइलची सीलबंद बाटली उभी होती. "तू सांगितलंस म्हणून आणली. पण शनिवार होता म्हणून आत नाही आणली. म्हटलं उद्या सकाळी मिसळू."

बायकोचं अर्धं ऐकलं, आईचं अर्धं ऐकलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. जोशीकाकूंनी गॅलरीचं दार लावून घेतलं एवढं सांगते.

बेंजामिनकाकांचा फोन लागणार नाही हे ठाऊक होतं, शनिवार होता. रिक्षा करून गेले. काका ओसरीवर बसले होते, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं. "किक मारत बसलीस का?"

"एकदाच दाबली, हलली नाही. आता जाऊन विलासला मारायला लावते, जोर लावला की सुटेल."

"नाही." काकांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. "आज मी कामाचं बोलत नाही, तुला माहीत आहे. तरी एवढं ऐक. आज तिला हात लावायचा नाही. आज शनिवार आहे. तिचाही."

मी चिडून परत आले. धर्माची सबब सांगून माणसाने हात झटकले असं मला वाटलं. पुढे हिरामणने मला समजावलं की तापलेल्या इंजिनात कोरडा पिस्टन अडकलेला असताना किक मारत बसलं असतं तर सिलिंडर आतून ओरबाडून निघाला असता आणि मग खरोखरच काही उरलं नसतं. गार होऊ देणं हाच उपाय होता. पण त्या संध्याकाळी मला एवढंच कळत होतं की अठ्ठावीस वर्षांत मी कधी नव्हे ती जिद्दीला पेटले आहे आणि मला सांगितलं जातंय की काही करू नकोस. पार्किंगमध्ये स्टूल टाकून मी गाडीशेजारी बसले. काही केलं नाही. याहून अवघड काम मी केलेलं नाही. विचुंब्याकडे हिरामणच्या पुतणीच्या हळदीचे स्पीकर सुरू झाले होते.

तेवढ्यात विलास फाटकाबाहेर गेलेला दिसला. परत आला तेव्हा हातात ती बाटली होती. फाटकाच्या रेघेपाशी तो क्षणभर थांबला, नंतर आत आला. "आणलं," म्हणाला. "आईला काय वाटायचं ते वाटो."

तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसाने आईचा शब्द पहिल्यांदा मोडला होता, आणि तोही माझ्यासाठी. मला भरून आलं. पण रडायचं मी ठरवलं नव्हतं, म्हणून म्हटलं, "हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय काकांनी."

"हात कुठे लावतोय? शनिवारी तेल विकत आणत नाहीत," विलास प्लग खोलत म्हणाला, आणि या वेळी पाना बरोबर नंबरचा होता, "वाहतात." प्लगच्या भोकातून त्याने इंजिनात तेलाची बारीक धार धरली, मारुतीला वाहावी तशी, अगदी हळू. मग आम्ही दोघं वर आलो आणि ताडगोळे खाल्ले.

रविवारी सकाळी आठला फाटकाशी रिक्षा थांबली. काठी टेकत बेंजामिनकाका उतरले, खिशात झाकण नव्हे, अख्खी तेलाची बाटली. विलासने त्यांना बाटलीची सगळी हकीकत मान खाली घालून सांगितली. काका ऐकता ऐकता एवढे हसले की त्यांना स्टुलावर बसवावं लागलं. "तुमच्याकडे शनिवारी तेल घेत नाहीत, आमच्याकडे शनिवारी विकत नाहीत. म्हणून तर शेकडो वर्षं एका गावात भांडण न होता राहिलो!"

मग त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकायला लावली आणि आम्हा दोघांना ती मागेपुढे करायला सांगितलं. ढकलायची नाही, झुलवायची. पाळणा हलवतात तशी. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काका डोळे मिटून ऐकत होते. अचानक आतून एक बारीकसं 'कट्' झालं आणि चाक दोन बोटं पुढे सरकलं. काकांनी डोळे उघडले. "उठली," म्हणाले.

टाकी रिकामी केली, नवं पेट्रोल, लिटरला चार झाकणं, माझ्या हाताने मोजून. अकराला पाच मिनिटं असताना सावंत कमिटीसह आले, मागे टेम्पो. मी पहिली किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी. सावंत घड्याळात बघत होते, आणि ते घड्याळ बघणं मला एवढं झोंबलं की चौथी किक मी त्यांच्यासाठी मारली, पाचवी साहेबांच्या 'पण'साठी, सहावी त्या तीन जिन्यांसाठी, जे मी उतरले नव्हते. सहाव्या किकला ती बोलली. आवाजात एक खरखर आली होती, ती आजही आहे, आदल्या दिवशीचा ओरखडा. पार्किंग निळ्या धुराने भरलं. सावंत खोकत म्हणाले, "वहिनी, धूर!" मी म्हटलं, "टू-स्ट्रोक आहे." फाटकाबाहेर गेले, कोपऱ्यापर्यंत चालवली, वळवून परत सतरा नंबरवर आणून उभी केली. टेम्पोवाला गाडीभोवती फिरून बघत होता. म्हणाला, "मॅडम, देऊ नका कुणाला."

यंदाच्या नोटिशीनंतर सावंत आमच्या रांगेत यादी घेऊन येतच नाहीत, लांबूनच हात करतात. काकांच्या मुलीचा इस्रायलमधल्या अश्दोदहून दर आठवड्याला फोन येतो, बाबा, आता तरी या. काका सांगतात, इथे एक गाडी माझ्या जिवावर चालते, येता येत नाही. रविवारी मी त्यांना मागे बसवून तळ्याला एक फेरी मारते. शनिवारी मात्र आम्ही तिघंही गाडीला हात लावत नाही, काका, विलास आणि मी. विलास त्याच्या कारणाने, काका त्यांच्या कारणाने. मी ज्या कारणाने लावत नाही, ते मला त्या दोघांनाही नीट सांगता आलेलं नाही.

कमिटीच्या त्या रविवारी सावंतांनी यादी पुढे केली होती. छापील कागद, रकाने आखलेले. फ्लॅट नंबर, मालक, वाहन, स्थिती. मालकाच्या रकान्यात विलासचं नाव होतं, ते मी खोडलं आणि माझं लिहिलं. स्थितीच्या रकान्यात आधीच टाइप केलेलं होतं, नादुरुस्त. मी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. धूर अजून विरला नव्हता, इंजिन चालूच ठेवलं होतं, कागद टाकीवर ठेवला तर अक्षरं थरथरत होती. तो शब्द खोडून मी त्याच्या वर लिहिलं: चालू. आणि खाली पूर्ण सही केली, अठ्ठावीस वर्षं टोटल लॉसच्या खाली करत आले होते तीच, एक वेलांटीही न बदलता.